सालसाचा कुलवृत्तान्त

सालसात आकडे आठ असतात आणि पावलं सहा. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठ मनात मोजायचे, पण त्यांच्यावर पाय पडू द्यायचा नाही. कोथरूडमधल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर हे सांगितलं गेलं, तेव्हा वीस-बावीस प्रौढ माणसांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. फक्त एका गृहस्थांनी हात वर केला. बँकेतून निवृत्त झालेले, खिशाला अजूनही दोन पेनं.

"सर, दोन आकडे कमी पडतायत."

"काका, तिथे पॉझ आहे."

"ऑडिटरला असं सांगून चालेल का?"

सर म्हणजे सांगलीचा एक तरतरीत मुलगा. दिवसा हिंजवडीत संगणकासमोर बसतो आणि संध्याकाळी बसून आखडलेल्या इतरांना हलवतो. वर्गात त्याच्या दुप्पट वयाची माणसं त्याला 'सर' म्हणतात आणि तो त्यांना काका-काकू म्हणतो. जिना उतरला की 'सर' संपतात आणि काका त्याला "अरे बाळा, जेवतोस कुठे?" असं विचारायला लागतात.

हॉल सकाळी योगासनांचा, दुपारी अबॅकसचा आणि संध्याकाळी आमचा. खाली मुंज असली तर पाच-सहा-सातच्या सुमारास मसालेभाताचा वास वर येतो आणि सातनंतर बराच वेळ आठ होत नाही. सालसाला चामड्याच्या मऊ तळव्याचे बूट लागतात, असं सरांनी बजावलं होतं. पण आपल्याकडे हॉल म्हटला की चपला बाहेर काढायच्या, आत देव असो वा नसो. त्यामुळे निम्मा वर्ग मोज्यांवर नाचतो. मोज्यांवर गिरकी झकास लागते. थांबायचं कसं, हा वेगळा विषय आहे.

नाचाची मूळ गोष्ट फार साधी असते. डावा पाय पुढे, वजन परत उजव्यावर, डावा जागेवर. मग तेच उजव्याने मागे. अवघड काय, तर पायाबरोबर वजनही न्यायचं असतं. आपण पाय पुढे ठेवतो आणि वजन मागेच ठेवतो, पुढच्या पायाचं अजून काही नक्की नसतं म्हणून. कमरेचं ऐकून पुरुषमंडळी आधी लाजली होती. पण सरांनी खुलासा केला, की कंबर मुद्दाम हलवायचीच नाही. गुडघा वाकवला, सरळ केला, वजन या पायावरून त्या पायावर गेलं, की कंबर आपसूक हलते. त्यावर निम्म्या लोकांना हायसं वाटलं. उरलेल्या निम्म्यांना डॉक्टरांनी गुडघे वाकवू नका असं सांगितलेलं होतं.

जोडीनाचात एकाने सुचवायचं आणि दुसऱ्याने ते ओळखून फिरायचं, असा करार असतो. सुचवणारा बहुतेक वेळा पुरुष. हे ऐकल्यावर आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसलो. सिलिंडर कधी संपणार इथपासून मुलीला स्थळ कुठलं बघायचं इथपर्यंत सगळं जिने ठरवलं, तिला सांगायचं, "तुम्ही काही ठरवू नका." आणि मंडईतून फोन करून "गवार आणू की घेवडा?" असं जो विचारतो, त्याला सांगायचं, "तुम्ही ठरवा." पंचाईत दोन्ही पक्षांची सारखीच.

'क्रॉस बॉडी लीड' नावाचा एक प्रकार असतो. पुरुषाने बाजूला सरून वाट मोकळी करायची आणि पाच-सहा-सातला बाईने त्याच्या समोरून पलीकडे जायचं. बँकवाल्या काकांच्या काकू तीनलाच पलीकडे पोचल्या होत्या.

"काकू, काकांनी सुचवेपर्यंत थांबायचं."

"त्यांनी सुचवेपर्यंत थांबले असते, तर अजून भाड्याच्या घरात असतो आम्ही."

खरी गोम हातात असते. जोडीदाराचा हात घट्ट पकडायचा नाही. बोटांची नुसती आकडी पुढे करायची, समोरच्याने त्यात आपली बोटं अडकवायची. गिरकी घेताना ती बोटं एकमेकांत फिरली पाहिजेत. अंगठा मिटला की बाईचं मनगट मुरगळलंच म्हणून समजा. काकांचा अंगठा काही सुटेना. "काका, अंगठा काढा," हे वाक्य सरांनी इतक्यांदा म्हटलं, की शेवटी काका वैतागले. "अहो सर, उभा जन्म लोकांचे अंगठे घेण्यात गेला, आता काढा म्हणता!"

दर चार-पाच मिनिटांनी सर टाळी वाजवून म्हणतात, "पार्टनर बदला." कागदावर हे वाक्य वाचून एखाद्याच्या पोटात गोळा येईल. प्रत्यक्षात नुसतं एक घर डावीकडे सरकायचं असतं आणि समोर कुठल्या तरी सोसायटीचे सेक्रेटरी उभे असतात. परक्या माणसाचा हात हातात घेऊन काय बोलायचं, हा प्रश्न मराठी माणसाने जगाच्या पाठीवर सगळीकडे एकाच रीतीने सोडवलेला आहे. एक-दोन-तीन, "तुम्ही मूळचे कुठले?" चारला पॉझ. पाच-सहा-सात, "चिपळूण." आठला पुन्हा पॉझ. पुढच्या आठात चिपळूणचे कोण-कोण ओळखीचे निघतात ते होतं, आणि गिरकी राहून जाते.

तेव्हा हाच प्रश्न एक दिवस सालसालाही विचारला जाणार, हे उघड होतं. विचारणारेही ठरलेलेच होते. बँकवाले काका आपल्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताच्या संपादक मंडळावर होते. मूळ पुरुष, मूळ गाव, कुलदैवत, शाखा असे रकाने आखलेली त्यांची वही कायम तयार असते.

"मूळ गाव?"

"क्यूबा," सर म्हणाले.

"क्यूबात कुठून आला?"

सर पाणी पिऊन आले आणि भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी नाच झालाच नाही.

मूळ पुरुष शोधता शोधता काका इंग्लंडच्या खेड्यांतल्या समूहनाचापर्यंत पोचले. तो फ्रान्सने उचलला, दरबारी केला, आणि तिथून साखरेच्या मळ्यांबरोबर तो कॅरिबियन बेटांवर गेला. सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही तेव्हा फ्रान्सची वसाहत. तिथे १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. मळेवाले जीव घेऊन पळाले ते थेट पूर्व क्यूबात, सांतियागोच्या बाजूला. येताना फ्रेंच नाच घेऊन आले आणि त्यांनी बळेच बरोबर आणलेली माणसं आपला ठेका घेऊन आली. स्पेनकडूनही तोच नाच क्यूबात उतरला होता. ही झाली एक शाखा. दुसरी शाखा आफ्रिकेतली, काँगोची आणि योरुबांची. ऊस तोडायला जहाजं भरभरून माणसं आणली जात होती. क्यूबात गुलामगिरी सुटली ती १८८६ मध्ये. त्या माणसांना मूळ गाव कुणी विचारलं नाही, आणि मळ्याच्या खातेवहीत त्यासाठी रकाना नव्हता. इथे काकांचं पेन थोडा वेळ थांबलं. मात्र कुलदैवताचा रकाना चटकन भरला. चांगो, येमाया, ओचुन ही योरुबांची दैवतं क्यूबात टिकली आणि त्यांची नावं सालसाच्या गाण्यांत आजही सर्रास येतात. "म्हणजे घराणं धार्मिक आहे," काका समाधानाने म्हणाले.

पुढच्या पिढ्या भराभर आल्या. १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे यांनी 'दान्सोन' सादर केला. त्यात जोडप्यांनी एकमेकांना जवळ धरून नाचायचं होतं. प्रतिष्ठित मंडळींना हा धर्मबुडवेपणा वाटला, आणि यथावकाश दान्सोन हाच क्यूबाचा राष्ट्रीय नाच मानला गेला. दुसरीकडे, पूर्वेच्या डोंगराळ भागात 'सोन' वाढत होता. गिटारीच्या जातीचं त्रेस, बोंगो आणि खुळखुळे एवढ्या सामानावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हवानात आला आणि १९२० नंतर शहर त्याच्या तालावर चालायला लागलं. लहानपणी दृष्टी गेलेले आर्सेनियो रॉड्रिगेस हे त्रेसवादक. १९४० च्या दशकात त्यांनी सोनमध्ये कोंगा ढोल, पियानो आणि आणखी ट्रम्पेट आणले. आज सालसा म्हणून जे ऐकू येतं, त्याचा बराचसा सांगाडा तोच आहे.

काकांना सगळ्यात आवडले ते एन्रिके होर्रिन. हे व्हायोलिनवादक. नाचणाऱ्या लोकांचे पाय आडव्या-तिडव्या ठेक्यांत अडखळतात, हे त्यांनी वाद्यवृंदात बसून पाहिलं आणि लोकांना झेपेल अशी सुटसुटीत रचना केली. १९५३ मध्ये तिची रेकॉर्ड निघाली आणि जगभर चाचाचा झाला. समोरच्यांना जमत नाही म्हणून कलावंताने आपली कला सोपी केली, हे काकांना तीन वेळा सांगावं लागलं. आपल्याकडे अशा वेळी श्रोत्यांची लायकी काढतात.

मग घराणं न्यूयॉर्कला गेलं. ब्रॉडवे आणि ५३ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर पॅलेडियम नावाचा नाचाचा हॉल होता. १९५० च्या दशकात तिथे टिटो पुएन्ते, टिटो रॉड्रिगेस आणि माचितो यांचे वाद्यवृंद आलटून-पालटून वाजत. पोर्तो रिकोचे लोक, इटालियन, ज्यू, काळे अमेरिकी, सगळे एकाच फरशीवर मॅम्बो हा क्यूबाचाच एक नाच नाचत. तिथल्या सर्वांत गाजलेल्या नर्तकाचं नाव 'क्यूबन पीट'. हे गृहस्थ पोर्तो रिकोचे. त्यांची जोडीदारीण मिली डोने इटालियन वंशाची.

"दत्तक प्रकरण दिसतंय," काका पुटपुटले, आणि त्यांनी समासात फुली मारली.

१९५९ मध्ये क्यूबात क्रांती झाली आणि १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार तोडला. हवानाची रेकॉर्ड न्यूयॉर्कला मिळेनाशी झाली. तेव्हा तिथल्या पोरांनी ते संगीत स्वतःच्या गल्लीत वाजवायला घेतलं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको या डोमिनिकन बासरीवाल्याने आणि जेरी मासुची या इटालियन वंशाच्या वकिलाने 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी काढली. सुरुवातीला पाचेको मोटारीच्या डिकीत रेकॉर्डी टाकून दुकानोदुकानी विकत. दोघांची ओळख कशी झाली? पाचेकोंच्या घटस्फोटाचं काम मासुचींकडे होतं. जगातला सगळ्यात गाजलेला जोडीनाच घटस्फोटाच्या वकिलाने बाजारात आणला, हे ऐकून वर्गातली दोन-तीन जोडपी विचारात पडलेली मी पाहिली.

फानियाच्या पंगतीला कोण नव्हतं? क्यूबा सोडून आलेल्या आणि पुढे आईच्या अंत्यविधीलाही ज्यांना मायदेशी जाऊ दिलं नाही, त्या गायिका सेलिया क्रूझ होत्या, पनामाचे गायक रूबेन ब्लेड्स होते. पियानोवर ब्रुकलिनचे लॅरी हार्लो, 'अद्भुत ज्यू' या टोपणनावाने ओळखले जाणारे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये यांनी यांकी स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. दोन कोंगांची जुगलबंदी अशी रंगली, की चाळीस हजारांच्या वर जमलेल्या गर्दीतले लोक मैदानात घुसले आणि कार्यक्रम आवरता घ्यावा लागला.

या सगळ्याला 'सालसा' हे नाव याच न्यूयॉर्कच्या दिवसांत चिकटलं. पुएन्ते यांना ते कधी रुचलं नाही. आपण वाजवतो ते मॅम्बो आणि चाचाचा, असं त्यांचं म्हणणं. क्यूबावाल्यांचं म्हणणं, हा आमचाच सोन, न्यूयॉर्कने फक्त वेष्टन बदललं. क्यूबावाल्यासमोर न्यूयॉर्कच्या सालसाची तारीफ करणं म्हणजे कोल्हापुरात बसून पुणेरी मिसळ कशी सौम्य आणि छान असते ते सांगणं. कोलंबियातलं काली शहर स्वतःला सालसाची राजधानी म्हणवतं. तिथे म्हणे ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर लावून नाचायचे, आणि पायांचा तो वेग तिथल्या शैलीत अजून आहे. जपानमध्ये 'ओर्केस्ता दे ला लूस' नावाचा वाद्यवृंद निघाला. सगळे जपानी, गाणी स्पॅनिश. १९९० मध्ये त्यांची रेकॉर्ड अमेरिकेत बिलबोर्डच्या ट्रॉपिकल यादीत पहिली आली.

सगळ्यात चकित करणारी शाखा मात्र काँगोची. क्यूबाच्या सोनच्या रेकॉर्डी १९३० नंतर मध्य आफ्रिकेत विकायला गेल्या. तिथल्या लोकांना त्यात आपलंच काही तरी ऐकू आलं. त्यांनी ते उचललं, गिटारीवर चढवलं आणि त्याचा काँगोली रुम्बा झाला. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. साखळदंडात गेलेला ठेका रेकॉर्डीत बसून घरी आला, आणि घरच्यांनी त्याला ओळखलं.

वही मिटून काका म्हणाले, "यात एक गडबड आहे. आमच्या कुलवृत्तान्तात मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा पुढे छापत नाही. या घराण्यात सगळ्या मुलीच आहेत. जी ती परक्या घरी गेली, नाव बदललं, आणि वंश तिच्याकडूनच वाढला."

"मग तुमचाच छापायला चुकलाय," काकू म्हणाल्या.

क्यूबाचं एक अपत्य आपल्याकडेही येऊन राहिलंय, हे काकांनी स्वतःच शोधून काढलं. सरांनी बोंगो पूर्व क्यूबातला आहे असं म्हटल्याबरोबर ते उसळले. "बोंगो सी. रामचंद्रांचा!" १९५१ च्या 'अलबेला'त, 'शोला जो भडके'मध्ये, पुणतांब्याच्या या माणसाने बोंगो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असे काही वाजवले होते, की पडद्यावर भगवानदादांना नाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रामचंद्रांचे सहायक चिक चॉकलेट हे गोव्यातल्या आल्डोन्याचे ट्रम्पेटवादक. मुंबईच्या हॉटेलांत रात्री पाश्चात्त्य नाचाचं संगीत वाजवणाऱ्या अशा गोवेकरांच्या हातून जगातले बरेच ठेके दुसऱ्या दिवशी सिनेमाच्या स्टुडिओत पोचत. मग काकांनी भगवानदादांची ती प्रसिद्ध चाल करून दाखवली. खांदे हलके, पाय जेमतेम जमिनीवरून सरकणारे, गुडघे वाकलेले. सर बघतच राहिले. गुडघे, वजन, कंबर सगळं जागच्या जागी होतं. अंगठेसुद्धा सुटलेले होते, कारण हातात कुणाचा हात नव्हता.

त्या हरवलेल्या दोन आकड्यांचा छडा लागला तो एका भजनी मंडळातल्या आजींमुळे. सरांनी 'क्लावे' दाखवायला दोन गुळगुळीत लाकडी दांडके आणले होते. हवानाच्या गोदीत जहाजं जोडायला वापरायच्या टणक लाकडी खुंट्यांपासून ते आले, असं सांगतात. "या तर टिपऱ्या," आजी म्हणाल्या आणि त्यांनी त्या हातात घेतल्या. एक हात वाटीसारखा वळवून त्यावर पहिली टिपरी सैल ठेवायची, दुसरीने तिच्यावर मारायचं. घट्ट धरली की आवाज बसतो. चार मात्रांच्या दोन घरांत मिळून ठोके पाच, आधी तीन आणि मग दोन. एक, मग दोन आणि तीनच्या मध्ये, मग चार. पुढे सहा आणि सात. सगळा वाद्यवृंद या पाच ठोक्यांना धरून चालतो, मग ते प्रत्यक्ष कुणी वाजवत असो वा नसो. आजींनी ते दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून बिनचूक वाजवलं.

"चारवर ठोका आहे!" काका ओरडले.

होताच. क्लावेचा तिसरा ठोका नेमका चारवर पडतो. कोंगाचे दोन खुले, घुमणारे बोलही चारला आणि आठलाच येतात, आणि बेसवाला पुढच्या एकचा सूर चारलाच उचलून मोकळा होतो. नाचणाऱ्याने पाय आवरायचा तो एवढ्यासाठी. तिथे दुसरं कुणी तरी बोलत असतं. काकांनी वहीत नोंद केली, "रक्कम कोंगाच्या खात्यात जमा," आणि खाली सही केली.

हिशेब मिटला तशी नव्या भांडणाला जागा झाली. पुढचं मुख्य पाऊल एकवर तोडायचं की दोनवर? लॉस एंजेलिसकडे एकवर तोडतात. न्यूयॉर्कमध्ये एडी टोरेस यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली पद्धत दोनवरची. एकवाल्यांच्या मते गाणं एकपासून सुरू होतं, तर नाचही एकपासून व्हावा, यात शंका ती काय? दोनवाल्यांच्या मते एकवर नाचणारे गाणं ऐकतच नाहीत. क्यूबात या दोन्ही पक्षांकडे दुर्लक्ष करून जोडपी गोलात उभी राहतात. मध्ये एक जण हुकूम पुकारतो, तो 'दामे' म्हणाला की सगळ्यांनी पुढची जोडीदारीण घ्यायची. हे सोडून वर्गातली तरुण मुलं आता शेजारच्या खोलीत बचाता शिकायला जातात. तो डोमिनिकन, संथ, आणि त्यात चौथ्यावर नुसता पाय टेकवायचा असतो, त्यामुळे वादच नाहीत. आमच्या वयाच्या माणसांना इतकं बिनवादाचं काही मानवत नाही.

आमच्यातही तट पडले. काका एकवाले, कारण हिशेब एकपासून सुरू होतो. काकू मात्र आजींच्या टिपऱ्यांशेजारी उभ्या राहून राहून दोनवर गेल्या. समाजमनावर फार परिणाम झाला नाही. पार्टनर बदलत असल्यामुळे काकांना एकवाली मिळते आणि काकूंना दोनवाले सेक्रेटरी.

मागच्या रविवारी काकांनी वही पूर्ण करून आणली. शेवटच्या पानावर 'सांप्रत शाखा, कोथरूड' आणि खाली वर्गातल्या सगळ्यांची नावं, मूळ गावांसकट.

"काका, तुमची दोघांची नावं राहिली," सर म्हणाले.

"एकाच घरात दोन शाखा कशा दाखवायच्या, तेच सुचेना."

"त्यात काय?" काकू म्हणाल्या. "तुमच्या कुलवृत्तान्तात सख्खे भाऊ विहिरीवरून वेगळे झालेत. दाखवलंय ना तिथे? आम्ही निदान एका आकड्यावरून झालो." गाणं सुरू झालं होतं. त्यांनी काकांच्या हातातली वही काढून खुर्चीवर ठेवली आणि बोटांची आकडी पुढे केली. "चला, आज दोनवर. आणि अंगठा काढा."